दिवे लावलेस!

'चार लाखांचं काम केलेली थार. समजणाऱ्यानेच फोन करावा, टाइमपासवाल्यांनी लांब राहावं.' ही तुझी जाहिरात. ती टाकून दोन महिने होत आले. समजणारा एकही फिरकला नाही आणि जे फिरकले ते तुझ्या मते सगळे अडाणी. परवा मला फोन करून म्हणालास, "सर, पनवेलमध्ये कुणाला कदरच नाही. चार लाख घातलेत गाडीवर आणि पार्टी साध्या स्टॉक गाडीपेक्षाही लाखभर कमी बोलते." वर आणखी, "तुमच्या ओळखीत बघा ना कोणी." बघेन. पण आधी तू ऐकायचं आणि मधे बोलायचं नाही. आयटीआयची दोन वर्षं मधे बोलून झालंय तुझं.

एखाद्या बँकवाल्याने किंवा कॉम्प्युटरवाल्याने हे केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. त्याला गाडी म्हणजे चार चाकं आणि एक स्क्रीन. तू मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलेला मुलगा. शेडमध्ये डिफरन्शियल उघडून, धुऊन, परत बसवलेला. शिम किती जाडीची लागेल हे तुला हाताने कळायचं. आणि जुनी गाडी घेणारा माणूस नेमकं काय विकत घेतो, एवढं कळू नये?

हौसेला मोल नाही म्हणतात, ते सेकंडहँडच्या बाजारात अक्षरशः खरं आहे. शून्य मोल. हौस तू केलीस, मिरवलीस, ओरियन मॉलसमोर गाडी उभी करून फोटो काढलेस, तिथेच तिचे पैसे फिटले. आता त्याच बिलाची पावती दुसऱ्याच्या खिशात कोंबायला निघालायस. अरे, जिथे कंपनीने दिलेल्या वस्तूंनाही घसारा लागतो तिथे तुझ्या वस्तूंना कोण सोडणार? विम्याचा तक्ता बघ. पाचव्या वर्षात गाडीची किंमत निम्मी धरतात. रबर, प्लास्टिक, टायर यांचा क्लेम आला तर पन्नास टक्के सरळ कापतात. आणि तुझ्या चार लाखांतला मोठा भाग टायरचाच. दोन पावसाळे झिजलेल्या टायरला तू नव्या टायरची किंमत लावतोस आणि समोरच्याला अडाणी म्हणतोस.

त्यात नवीन गाडीच स्वस्त झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी उतरला, शोरूमचे भाव खाली आले, तसे जुन्याचेही आले. पार्टी शोरूमचं कोटेशन खिशात ठेवूनच तुझ्याकडे येते. हे तुझ्या हातातलं नव्हतं, म्हणून त्याबद्दल बोलत नाही. जे तुझ्या हातातलं होतं त्याबद्दल बोलतो.

परवाचा तो रसायनीचा गिऱ्हाईक आठव. माणूस स्वतः गाडीत बसलासुद्धा नाही. त्याने कळंबोलीच्या स्टील मार्केटकडचा एक म्हातारा मिस्त्री बरोबर आणला होता. तो आला, गाडीभोवती फिरला नाही, बॉनेट उघडलं नाही. जमिनीवर पोतं टाकलं आणि टॉर्च घेऊन सरळ खाली शिरला. तू म्हणतोस, "पाच मिनिटांत बाहेर आला आणि मान हलवली, सर. काही बघितलंच नाही त्याने." बघायचं ते सगळं बघितलं त्याने. काय बघितलं ते मी सांगतो, कारण त्याच्या जागी मी असतो तर तेच बघितलं असतं.

तुझ्या थारला पुढे डबल विशबोन आहे. जिप्सीसारखा किंवा जिम्नीसारखा पुढे अखंड ॲक्सल नाही. तू स्पेसर घालून गाडी दोन इंच उचललीस. गाडी वर गेली, पण ड्राइव्ह शाफ्टचं आतलं टोक डिफरन्शियलला आणि बाहेरचं चाकाला बांधलेलं, ते कुठे जाणार? शाफ्ट तिरका झाला. आता सीव्ही जॉइंट सरळ रस्त्यावरसुद्धा वाकड्या कोनात फिरतो. त्याच्या रबरी बुटाच्या घड्या एका बाजूला ताणतात, दुसऱ्या बाजूला एकमेकींवर घासतात. मग एक घडी फाटते. ग्रीस बाहेर, चिखल आत. मिस्त्रीने टॉर्च मारली तेव्हा त्याला चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर, काळ्या ग्रीसचे गोल शिंतोडे दिसले असणार. हाताने चाक हलवलं, बॉल जॉइंटचा खुळखुळा कळला. त्याचा हिशेब तिथेच झाला: दोन्ही बाजूचे शाफ्ट, बॉल जॉइंट, बुश, अलाइनमेंट, वर मजुरी. हे सगळं त्याने तुझ्या किमतीतून वजा केलं. तू मात्र लिफ्ट किटचे पैसे किमतीत मिळवून बसला होतास. तो वजाबाकी करतोय आणि तू बेरीज. जमणार कसं?

पुढे टायर. वही काढ. थारचा अठरा इंची टायर २५५/६५. रिमचे ४५७ मिलिमीटर, अधिक दोन्ही बाजूच्या भिंती मिळून ३३१. झाले ७८९ च्या आसपास. तू घातलेस तेहतीस इंची, म्हणजे ८३८. सहा टक्क्यांनी मोठं चाक. मीटर मात्र जुन्याच चाकाचा हिशेब धरून चालतो. काटा शंभरवर असतो तेव्हा तू एकशे सहाने पळत असतोस, आणि ब्रेक जुन्याच मापाचे. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दिसत असतील तर गाडी खरी साडेबेचाळीस हजारांच्या आसपास धावलेली असते. तू मीटर फिरवला नाहीस, मान्य. पण आकडा खोटाच आहे, आणि कसलेल्या डीलरला मोठा टायर दिसला की त्याची पहिली शंका तीच असते. चाक वळवल्यावर घासतं म्हणून तू फेंडरच्या आतली कड ग्राइंडरने उडवलीस, तिला रंगही लावला नाहीस. दोन पावसाळ्यांत तिथे गंज चढलाय. कंपनीचा पत्रा पुन्हा कंपनीचा होत नाही, हे तुला शेडमध्ये मी दहादा सांगितलं असेल.

छपरावर आणि बंपरवर मिळून सहा दिवे लावलेस. लावलेसच दिवे! डॅशबोर्डच्या खाली हात घालून बघ. मूळ वायरवरचं प्लास्टिक सोललंय, उघड्या तांब्याला दुसरी वायर गुंडाळलीय आणि वर काळी टेप, ती उन्हाने चिकट होऊन सुटलेली. रिले नाही, वेगळा फ्यूज नाही. हे काम तू स्वतः केलं असतंस तर मी तुला इथून हाकललं असतं. तू म्हणालास, खांदा कॉलनीतल्या एका पोराने केलं. मग तू उभा राहून काय बघत होतास? आजच्या गाडीत प्रत्येक वायर कुठल्या तरी कंट्रोल युनिटला जाते. पार्टीचा माणूस स्कॅनर लावतो आणि कसले कसले कोड येतात. ते कोड काय सांगतात हे त्यालाही नीट कळत नाही, पण घाबरायला तेवढं पुरतं. घाबरलेला माणूस पैसे कमीच देतो.

स्नॉर्केलबद्दल तर मला बोलायचंच नव्हतं. कंपनी सांगते की थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. पनवेलमध्ये तुला त्याहून खोल पाण्यात कुठे जायचं होतं? गाढी नदीत? फेंडरला भोक पाडून तू ते नळकांडं बसवलंस. इंजिन हवा वरून घेतं एवढंच त्याने होतं. अल्टरनेटर, वायरिंग, डिफरन्शियलचे श्वासोच्छ्वासाचे पाइप, दाराची रबरं खालीच राहतात. पण गिऱ्हाईकाच्या मनात ते नळकांडं काय सांगतं? २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्यानंतर पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील या धास्तीने कोकणातला प्रत्येक खरेदीदार सीटखालचं कार्पेट उचलून वास घेतो. अशा माणसासमोर तू स्वतःहून पाण्याची पाटी लावून उभा. आणि वर तुझा तो रील! रेवदंड्याच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात गाडी आडवी फिरवतोस, मागे गाणं, खाली तीन हजार लाइक. त्या गिऱ्हाईकाच्या भाच्याने तो रील शोधून मामाला दाखवला. खाऱ्या पाण्यात फिरलेल्या चासीची किंमत काय होते, हे रायगडातल्या माणसाला शिकवायला लागत नाही. स्किड प्लेटचे बोल्ट तांबडे झालेत म्हणून मिस्त्रीने मान हलवली, बाळा.

नीट समजून घे. घेणारा तीन गोष्टी घेतो: कंपनीची गाडी, तिचे कागद आणि तिचं उरलेलं आयुष्य. पहिल्या दोन त्याला डोळ्यांनी दिसतात. तिसरी दिसत नाही, तिचा त्याला अंदाज बांधावा लागतो आणि तो अंदाज तो तुझ्याकडे बघून बांधतो. उंच केलेली गाडी, मोठे टायर, विंच, रिमॅप केलेलं इंजिन, फटाके फोडणारा सायलेन्सर. यातली एकही वस्तू त्याला सांगत नाही की ही गाडी सांभाळून वापरलीय. तू लावलेली प्रत्येक वस्तू तुझ्याविरुद्ध साक्ष देते. आणि त्या साक्षीदारांचा खर्च तू त्याच्याकडूनच मागतोस.

रिमॅप करून इंजिनाची ताकद वाढवलीस, त्याचं तर विचारूच नकोस. बावीसशे सीसीचं डिझेल, १३० पीएस, ३०० न्यूटन मीटर. त्यावर क्लच, गिअरबॉक्स, कूलिंग बेतलेलं. तुला वाटलं कंपनीच्या इंजिनिअरांना कळलं नाही, खांदा कॉलनीत कळलं.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. हे तुमच्या अभ्यासात होतं. आरसीत जी माहिती आहे ती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात तेच पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घे आणि तुझ्या गाडीवरचे मोज. पुढचा लोखंडी बुल बार तर डिसेंबर २०१७ पासूनच केंद्राने नको म्हणून सांगितलेला आहे. कारण सरळ आहे. पुढून ठोकर बसली की पुढचा भाग ठरलेल्या पद्धतीने चेपला पाहिजे आणि एअरबॅग ठरलेल्या क्षणी उघडली पाहिजे. याच थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार स्टार मिळाले, ते मूळ बंपरला. तुझ्या फॅब्रिकेटरच्या अँगलला एकही स्टार नाही.

"पण सर, पकडतो कोण?" हे तू म्हणणारच. श्रीनगरमध्ये पकडलं. २०२३ च्या जानेवारीत बातमी होती: बदल केलेल्या थारच्या मालकाला तिथल्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा सांगितली, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं आणि गाडी मूळ स्थितीत आणायला लावली. तुला पळस्पे फाट्यावर कोणी अडवलं नाही हे तुझं नशीब. पण घेणारा नशीब विकत घेत नाही. त्याला विमा नावावर करायचाय. न कळवलेल्या बदलांवरून उद्या क्लेम अडला तर भोगणार तो. गाडीची पंधरा वर्षं झाली की तपासणीला आरटीओसमोर उभं राहणार तो. म्हणून तो आजच आकडा पाडतो.

आणि तो एजंट, जो म्हणाला "ट्रान्सफरचं नंतर बघू, फॉर्मवर सह्या करून ठेव", त्याला दारात उभा करू नकोस. २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तो जबाबदार. त्याने ती गाडी माथेरानच्या पायथ्याला कुणाच्या अंगावर घातली तर नोटीस तुझ्या बापाच्या घरी येईल. फॉर्म २९, फॉर्म ३०, पैसे, चावी, त्याच दिवशी. एम एच ४६ पासिंगची गाडी पनवेलमध्येच विकताना एवढंही जमत नसेल तर विकूच नकोस.

मग गाडीला काहीच लावायचं नाही का? लावायचं, पण अक्कल लावून. माझी एक साधी कसोटी आहे. जे पान्याने लागतं आणि पान्यानेच निघतं ते लाव. जे बसवायला ग्राइंडर, ड्रिल किंवा वेल्डिंग लागतं त्याला हात लावण्याआधी शंभरदा विचार कर. कंपनीच्या भोकांत बसणारी स्किड प्लेट, कपलर न कापता लागणारा म्युझिक सिस्टम, मूळ मापाचे चांगले टायर, याला जुन्या बाजारातही कोणी नाक मुरडत नाही. आणि काढलेल्या मूळ वस्तू पोटमाळ्यावर ठेवायच्या असतात. तू काय केलंस? अलॉय, टायर, बंपर, सायलेन्सर, सगळं चार पैशांत फुंकलंस. हे ऐकलं तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला. ते पडून असते तर आज दोन दिवसांत गाडी स्टॉक झाली असती.

तू जिप्सीचं उदाहरण देशील, मला माहीत आहे. "सर, जिप्सी तर केलेलीच जास्त भावात जाते." जाते, काही वेळा. १९८५ ला आलेली गाडी, कधीच बंद झाली, नवीन मिळत नाही आणि घेणारे बहुतेक चिखलातल्या स्पर्धांत उतरणारे. त्यांना केलेलं काम हवं असतं, पण ते बिल मागतात, कोणी केलं विचारतात, लॉकर कुठला, वेल्डिंग कुणाचं विचारतात आणि आपल्याला नको तेवढं सगळं भावातून काढतात. तो गिऱ्हाईक तुझ्याकडे आला असता तर तुझ्या चिनी विंचची दोरी ओढून तोंडावर हसला असता. आणि तुझी थार शोरूममध्ये आजही मिळते. ज्याला केलेली हवी तो नवी घेऊन स्वतःची हौस स्वतः करतो. तुझी हौस तो का वापरेल? कुणाचा 'दादा' दिसणारा ४१४१ नंबर कुणाला उपयोगाचा असतो का?

एवढं सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण परवा फोन ठेवता ठेवता जे म्हणालास ते मला सहन झालेलं नाही. "सर, तपासणीच्या आधी रिमॅप काढून जुनी फाइल टाकतो, आणि जाहिरातीत लिहितो की ऑफ-रोड कधी नेलीच नाही." ही अक्कल कुणी दिली? मी नाही दिली. मूर्खपणा एक वेळ परवडतो, पोरं करतात. वडिलांनी जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे पैसे आले तेव्हा तुला गाडी घेऊन दिली, स्वतः मात्र आजही एनएमएमटीच्या बसने फिरतात. त्या माणसाच्या नावाने तू दुसऱ्याला फसवायला निघालायस. घेणारा कोण असेल माहीत आहे? तुझ्याच वयाचा एखादा, कर्ज काढून घेणारा. घाटात शाफ्ट निखळला तर गाडीत त्याची आई बसलेली असेल. गॅरेज काढायचंय ना तुला पुढच्या वर्षी? पनवेल केवढं आहे? कळंबोलीत मान हलवणाऱ्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आठ दिवसांत दहा जणांना तुझी गाडी सांगितली असेल. गॅरेज उघडण्याच्या आधीच तू तुझं गिऱ्हाईक घालवतोयस.

तर आता काय करायचं ते लिहून घे. दिवे, विंच, बुल बार, स्नॉर्केल काढ आणि वेगवेगळे विकायला लाव. हौशी लोक अशा वस्तू सुट्या घेतात, आणि गाडीसकट त्यांना जो भाव मिळत नाही तो सुट्या मिळतो. मूळ मापाचे टायर-रिम बघ. नवीन थार घेऊन तिला मोठे टायर घालणारी पोरं नवी मुंबईत कमी नाहीत, त्यांचे जवळजवळ कोरे मूळ सेट विकायला असतात. स्पेसर काढ, अलाइनमेंट कर, फाटलेले बूट बदल, बिलं ठेव. वायरिंगसाठी गाडी या रविवारी माझ्याकडे घेऊन ये, मी उभा राहतो आणि तू करायचं, कपलर टू कपलर. रिमॅप काढायचाच, पण काढला हे सांगायचं, आणि कधी टाकला होता तेही. फेंडर कापलाय, भोक पाडलंय, गाडी रेवदंड्याच्या पाण्यात गेलीय, हे घेणाऱ्याने विचारायच्या आधी तू बोलायचं. भाव स्टॉक गाडीपेक्षा कमीच येईल. किती कमी, ते त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला शंभर रुपयांचा चहा-नाश्ता देऊन विचार, तो तुला नीट सांगेल. त्याने सांगितलेल्या आकड्यावर मुळीच घासाघीस करायची नाही.

आणि रील डिलीट करू नकोस. ज्यांना बघायचा होता त्यांचा बघून झालाय. आता काढलास तर म्हणतील, लपवायला सुरुवात केली.